नातीच्या वयात घातलेलं वर्ष

मला बढाया मारायची सवय आहे, हे आधीच सांगून टाकते. प्राथमिक शाळेत नोकरीला होते तेव्हा माझ्या वर्गाचा निकाल, माझ्या वर्गाची प्रार्थना, माझ्या वर्गातल्या पोरांची अक्षरं, यावरून मी बाकीच्या मास्तरणींचं डोकं खात असे. रिटायर झाल्यावर बढाई मारायला काही उरलं नव्हतं. मग नात गोळा फेकायला लागली.

यंदा दिवाळीच्या आधी ती गोळाफेकीत राज्यात पहिली आली, सतरा वर्षांखालच्या मुलींमध्ये. पुढचे चार दिवस मी काय केलं असेल? भाजीवाल्याला सांगितलं. दवाखान्यातल्या नर्सला तिनं बीपीचा पट्टा बांधायच्या आधीच सांगितलं, त्यामुळे बीपी जास्त आलं. बँकेच्या रांगेत पुढच्या माणसाला सांगितलं आणि तो काम आटोपून गेल्यावर मागच्याला. संध्याकाळी घरी आले की सून विचारायची, "आई, आज कोणी सुटलं का?" मी म्हणायची, "पोस्टमन आला नाही आज."

म्हणून तर पुढे जे झालं तेही आमच्या या हिंदी मुलखातल्या मोहल्ल्यात, लालबागेत, एकूण एकाला ठाऊक आहे. ती सोयही मीच करून ठेवली होती.

नात अंगानं पहिल्यापासून भरलेली. शेजारपाजारच्या बायका तिच्याकडे पाहून "पोरगी खात्यापित्या घरची दिसते" असं म्हणत आणि वर हसत. मला राग यायचा, पण पोरीला काही वाटायचं नाही. ती नववीत असताना शाळेत परीक्षेसाठी बाकं हलवायची होती. चार मुली मिळून एक बाक ओढत होत्या आणि ही एकटी एक उचलून चालली होती. खेळाच्या सरांनी ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी तिच्या हातात लोखंडी गोळा दिला. तीन किलोचा.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मैदानावर ती आणि मी. मी प्लास्टिकचं स्टूल घेऊन जायची. सुरुवातीला नुसती बसायची, पण मला नुसतं बसता येत नाही. मग मी चुन्याच्या फक्कीनं तिच्यासाठी गोल आखायला लागले. आयुष्यभर फळ्यावर गोल काढलेत, माझा गोल बिनदोरीचा बरोबर येतो. सरांनी दोरी लावून तपासला तेव्हा त्यांनाही मानावं लागलं. पुढे टेपचं एक टोक माझ्या हातात आलं. ती गोळा मानेशी लावून पाठमोरी उभी राहायची, वाकायची, एका पायावर मागं सरकायची आणि गर्रकन वळून हात सोडायची. गोळा धप्प करून मातीत रुतायचा. मी खूण करायची, ती टेप ताणायची आणि नुसता आकडा सांगायची. आकडा वहीत मी लिहायची. तिच्या जागी मी असते तर आरडाओरडा करून मैदान डोक्यावर घेतलं असतं.

राज्याच्या स्पर्धेला मला नेलं नाही. मुलाच्या दुकानात, तो पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो, तिथं मोबाईलवर मी तिला पाहिलं. गळ्यात पदक आणि कपाळावर घाम. "आजी, झालं," एवढंच म्हणाली. मी तिथंच रडले, गिऱ्हाइकांसमोर. एक शेतकरी निंबोल्याहून मोटार घेऊन आला होता, तो उगाच माझ्या पाया पडला.

ती परत आली त्या दिवशी स्टेशनवर ढोल होता. स्टेशन लालबागेतच असल्यामुळे अर्धा मोहल्ला चप्पल घालून तसाच आला होता. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर मधोमध तिचा फोटो आणि खाली एका कोपऱ्यात माझा. माझा फोटो लावा असं मी कुणाला म्हटलं नव्हतं, पण काढा असंही म्हटलं नाही.

आता पुढची पायरी होती राष्ट्रीय स्पर्धा. सर म्हणाले होते, तिथं पहिल्या काहींत आली तर क्रीडा वसतिगृहात घेतात. तिथं खरे प्रशिक्षक असतात, चांगलं मैदान असतं, खाण्यापिण्याची सोय असते. नातीनं आजवर हट्ट म्हणून काही मागितलेलं नाही. ना मोबाईल, ना कपडे. पण हे तिला हवं होतं. तिनं कपाटाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला होता आणि जायला किती दिवस उरले ते रोज खोडत होती. बॅग तर तिनं पंधरा दिवस आधीच भरली. तिच्या आईला दोनदा ती उघडून त्यातून टॉवेल काढावा लागला.

ऑनलाइन फॉर्म भरायला सर आमच्या घरी आले तो रविवार होता. सुनेनं पोहे केले होते. सरांनी आधारचा नंबर टाकला आणि जरा वेळ मोबाईलकडे बघत राहिले. परत टाकला.

"मॅडम, सिस्टम घेतच नाहीये," ते म्हणाले. "उमर एक साल जास्त सांगतंय. कुठं तरी मिस्टेक आहे."

मी पोह्यांवर खोबरं घालत होते. समोर सून उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. मिस्टेक कुठं आहे ते त्या खोलीत आम्हा दोघींनाच ठाऊक होतं.

ती मिस्टेक नव्हती. ते मी केलं होतं.

ज्यांनी खेडेगावात शाळा चालवली आहे त्यांना हे सांगायला नको. माझी पहिली नेमणूक डोईफोडियाला होती. जून संपला की आईबाप पोरांना धरून आणत. जन्मतारीख विचारली की हसत. "कापूस वेचायला आला होता तेव्हाचं आहे पोरगं," एक जण म्हणायचा. दुसरा म्हणायचा, "तुमच्या मनानं लिखून टाका न, मॅडम." मी मनानं लिहायची. एक जुलै. शाळेत नावं चढवायचं दाखल-खारिज रजिस्टर असतं, त्यात माझ्या हातानं लिहिलेल्या एक जुलै पानंच्या पानं आहेत. साल तेवढं पोराच्या दाताकडे आणि उंचीकडे बघून टाकायचं. सगळेच मास्तर करत. त्यात कुणाचं वाईट करतोय असं कुणाला वाटलं नाही. कुणाचं झालंही असेल. मी कधी विचारायला गेले नाही.

पण नातीची गोष्ट वेगळी. तिची जन्मतारीख मला तोंडपाठ होती. दवाखान्याच्या बाहेर सप्टेंबरातल्या उकाड्यात मी रात्रभर उभी होते. तिचं जन्माचं प्रमाणपत्रही नगर निगमातून मीच आणलं आणि प्लास्टिकमध्ये घालून कपाटात ठेवलं. तरी ती पाचाचीही पुरी नसताना मी तिला पहिलीत घातलं आणि रजिस्टरमध्ये सहाची लिहिलं. कारण ते माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. पुढच्या उन्हाळ्यात मी घरी बसणार होते. मला ती माझ्या वर्गात हवी होती. हजारो पोरांना मी अक्षर शिकवलं, आणि माझ्याच नातीला कोण्या दुसरीनं शिकवावं, हे मला सहन होत नव्हतं.

सून तेव्हा म्हणाली होती, "आई, ती दुपारची झोपते अजून. पुढच्या साली टाकू न."

मी म्हटलं, "मी आहे ना वर्गात." माझ्या घरात मी असं म्हटलं की विषय संपायचा.

मग त्या रजिस्टरवरून आधार झालं, आधारवरून सगळे कागद झाले, आणि दहावीच्या अंकसूचीवर, म्हणजे गुणपत्रिकेवर, बोर्डानं तीच एक जुलै छापली. घरात वाढदिवस सप्टेंबरात होत राहिला. नातीला दोन तारखा आहेत हे तिलाही माहीत होतं. तिच्या वर्गातल्या निम्म्या पोरांना होत्या, तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. पहिली दोन वर्षं ती खेळली तेव्हा दोन्ही तारखांनी सतराच्या आतच होती. यंदा पहिल्यांदा असं झालं की खऱ्या तारखेनं ती आत होती आणि माझ्या तारखेनं बाहेर. राज्याच्या स्पर्धेला सरांनी जन्माचं प्रमाणपत्र मागितलं, ते मी कपाटातून काढून ऐटीत दिलं. खरं होतं ते. तेव्हा मला एक जुलै आठवली नाही का? आठवली. पण मी मनाशी म्हटलं, कोण बघतंय.

दुसऱ्या दिवशी मी मुलाला घेऊन शालेय खेळांच्या ऑफिसात गेले. आदल्या संध्याकाळी बसून एक अर्ज लिहिला होता, माझ्या सर्वांत चांगल्या अक्षरात. माझ्या नातीची जन्मतारीख मी स्वतः, शाळेत शिक्षिका असताना, जाणूनबुजून चुकीची नोंदवली. त्यात मुलीचा वा तिच्या आईबापाचा दोष नाही. जी शिक्षा असेल ती मला द्यावी. खाली सही केली आणि सहीखाली 'सेवानिवृत्त' असं लिहिलं. मला वाटलं होतं, एवढं लिहिल्यावर समोरचा माणूस हेलावून जाईल. शाळेत मी कुणा पोरानं आपणहून चूक कबूल केली की त्याला माफ करत असे.

साहेब तरुण होते. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. अर्ज दोनदा वाचला. मग शांतपणे म्हणाले, "मॅडमजी, आप खुद लिख रही हैं कि आपने झूठी तारीख चढ़ाई. तो अब सच लिख रही हैं, ये मैं कैसे मान लूं?"

मी प्लास्टिकमधलं जन्माचं प्रमाणपत्र त्यांच्यापुढे सरकवलं.

ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी नियम समजावून सांगितला. दहावीची अंकसूची असली की तीच तारीख धरायची. ती बदलायची तर बोर्डाकडे अर्ज करा, नाही जमलं तर कोर्टात जा, वर्षं जातील. मुलगा म्हणाला, "साहेब, हाडांची टेस्ट करून घ्या ना." तीही आम्ही केली. हाताचा एक्स-रे काढला. त्यात आलं, सोळा ते अठरा. म्हणजे ती खरीही निघाली आणि खोटीही. साहेबांनी फाईलमधल्या फोटोतल्या नातीकडे पाहिलं. तिचे खांदे, तिचे दंड पाहिले. लहानपणापासून मी तिला भाकरीवर तूप घालून खायला घातलं होतं, आणि आता तिचं ते भरलेलं अंगच तिच्याविरुद्ध साक्ष देत होतं.

आठवड्याभरात पत्र आलं. राज्याचा निकाल रद्द. वयात हेराफेरी म्हणून एक वर्ष शालेय स्पर्धांना बंदी. पदक आणि प्रमाणपत्र परत करावं. दुसरी आलेली मुलगी राष्ट्रीयला जाईल. नात बारावीत आहे. पुढच्या वर्षी ती शाळेतच नसेल, तेव्हा एक वर्षाची बंदी म्हणजे कायमची बंदी. हे मी मुलाला समजावून सांगायला लागले तर तो म्हणाला, "आई, कळलं मला. आता बस कर." तो माझ्याशी असा कधी बोलला नव्हता.

पदक नातीनं स्वतः नेऊन दिलं. मी बरोबर येते म्हटलं तर नको म्हणाली. सरांना वरून ताकीद मिळाली होती. ते घरी आले तेव्हा चहाही घेतला नाही. "मॅडम, तुम्ही मला एकदा सांगायचं होतं न," एवढंच म्हणाले. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

फ्लेक्स मुलानं दुकान उघडायच्या आधी जाऊन उतरवला. पण फ्लेक्स उतरवल्यानं काय होतं. मी चार दिवस ज्यांना ज्यांना सांगितलं होतं ते आता मला सांगायला लागले. "मास्तरीण होती न, कागदांतलं सगळं माहीत. पोरीची उमर कमी केली म्हणे मेडलसाठी." मी वाटेत थांबून एकदोघींना समजावलं, की अहो कमी नाही केली, मी वाढवली होती. त्या माझ्याकडे असं बघायच्या की मीच पुढे चालायला लागले. पोरीची उमर वाढवतं का कुणी? यावर विश्वास बसावा असं त्यात काहीच नाही. आता मी भाजी सुनेला आणायला सांगते.

सरांनी तरी पोरीला सोडलं नाही. म्हणाले, आता खुल्या स्पर्धा बघू, मोठ्या मुलींच्या. त्यांचा गोळा चार किलोचा असतो. एक दिवस तो घेऊन ती मैदानावर गेली आणि मी माझं स्टूल घेऊन मागोमाग. गोल मी आखला. तिनं तीन वेळा फेकला. तिसऱ्या वेळी मी टेपचं टोक धरलं, तिनं ताणलं, आकडा वाचला. मी वही उघडली. तिनं आकडा सांगितला नाही. ती टेप गुंडाळायला लागली. सर म्हणाले, "दोन-तीन साल लागतात, बेटा. हात बसायला वेळ लागतो." ती हो म्हणाली. वसतिगृहात जायला कागदावर तिच्याकडे तेवढी वर्षं नाहीत, हे तिला आणि मला कळत होतं. वयाच्या प्रत्येक गटातून ती एक वर्ष आधी बाहेर पडणार. पुढे नोकरी लागली तर तिथूनही एक वर्ष आधी रिटायर होणार. मरेपर्यंत माझं ते एक वर्ष तिच्या मागं लागलेलं राहील.

त्यानंतर ती मैदानावर गेली नाही. मी दोन दिवस वाट पाहिली, तिसऱ्या दिवशी विचारलं. "अभ्यास आहे, आजी," म्हणाली. कपाटाच्या दारावरचा कागद तिनं काढलेला होता.

मी तिची माफी मागितली नव्हती. साहेबांची मागितली, सरांची मागितली, सुनेसमोर तर न बोलताच रोज मागत होते, पण नातीसमोर तोंड उघडत नव्हतं. शेवटी एका दुपारी ती शाळेतून येऊन जेवत होती, घरात आम्ही दोघीच होतो, तेव्हा मी बोलले. म्हटलं, तुझं माझ्यामुळे गेलं. तू कुणाला विचारत नाहीस, पण मी का केलं ते तुला कळायला पाहिजे. मग सगळं सांगितलं. माझं शेवटचं वर्ष होतं, तू मला वर्गात हवी होतीस. तू पहिल्या ओळीत बसायचीस, पाटी मांडीवर घेऊन. शाळेत मला मॅडम म्हणायचं असं शिकवलं होतं, तर तू फाटकापाशी आलीस की आपोआप मॅडम म्हणायला लागायचीस आणि फाटकाबाहेर पडलं की आजी. दुपारी तुला झोप यायची. तू टेबलाखाली माझ्या पायाशी निजायचीस आणि मी पोरांना पाढे हळू आवाजात म्हणायला सांगायची. सगळा वर्ग कुजबुजत पाढे म्हणायचा. माझ्या सगळ्या नोकरीत तसं वर्ष दुसरं नाही. चूक होती, पण मला ते वर्ष फार हवं होतं, बाई.

मी थांबले. मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर चिडेल, किंवा म्हणेल की जाऊ दे आजी. मनाच्या एका कोपऱ्यात असंही होतं की ती हसेल आणि म्हणेल, हो, ते टेबल मला आठवतं.

ती हातातला घास तसाच धरून खरंच विचार करत होती. तिला खोटं बोलता येत नाही.

"आजी, तो साल मला याद नाही," ती म्हणाली. "पहिलीचं काहीच याद नाही. मला दुसरीपासूनचं याद आहे. त्या नवीन मॅडम आल्या होत्या न, त्यांच्यापासून."

मग घास खाऊन म्हणाली, "त्या छान शिकवायच्या."

मी तिला आणखी भाजी वाढली. तिनं जेवण संपवलं, ताट उचललं आणि अभ्यासाला गेली.